'गो' कुठे अन् 'गोइंग' कुठे?

आपल्या होस्टेलवर इंग्रजीची चेष्टा ठरलेली असते. कुणी 'आय ॲम गोइंग टू जिम डेली' म्हणालं की कॉन्व्हेंटवाले खो खो हसतात. मीही कॉन्व्हेंटचाच. पण हसणाऱ्यांपैकी निम्म्यांना ते चूक का आहे, हे सांगता येणार नाही. कानाला खटकतं, एवढंच. कारण हवं तर मराठी व्याकरण उघडावं लागतं, आणि तिथे आमची बोंब!

'मराठीत विचार करतात म्हणून चुकतात' असं सर्रास म्हटलं जातं. मला हे अर्धंच पटतं. 'मी रोज जात आहे' असं मराठीत कोण म्हणतं? 'रोज जातो', 'आत्ता जातोय'. फरक आपल्याकडे आहेच! गोची होते ती 'मी जात असतो' मध्ये. 'जात' आणि 'असणे' शेजारी दिसले की लगेच 'ॲम गोइंग'. आणि नकारात तर विचारूच नका. 'मी नॉनव्हेज खात नाही' हे कायमचं सांगणं, पण 'आय ॲम नॉट ईटिंग' म्हटलं की इंटरव्ह्यू घेणाऱ्याला वाटणार, श्रावण चालू असावा!

माझा रूममेट अंकुशनगरचा, समर्थ सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातला. तिथे हंगामाला ऊसतोडीच्या टोळ्या दरवर्षी येतात. 'दे कम एव्हरी इयर.' 'दे आर कमिंग' म्हटलं तर त्या आत्ता वाटेवर आहेत. त्याचे आजोबा बैलगाडीने ऊस न्यायचे. हा आपला रीतिभूतकाळ, इंग्रजीत 'यूज्ड टू टेक' किंवा साधं 'टुक'. 'वॉज टेकिंग' म्हणाल तर ऐकणारा विचारेल, मग मधेच काय झालं, गाडी उलटली का? आणि मोजून सांगायचं असेल तर 'यूज्ड टू' चालत नाही. 'पाच वेळा गेलो' म्हणतो आपण, 'पाच वेळा जायचो' नाही. इंग्रजीतही तसंच, 'वेन्ट फाइव्ह टाइम्स'.

मुंबईचे इंग्रजी कवी निसिम एझिकेल (१९२४-२००४) यांनी या 'इंग'वर 'गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.' ही अख्खी कविता उभी केली. वाचून हसू येतं, खरं आहे. पण हसून कुणाचं इंग्रजी सुधारत नाही. उलट जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेला मुलगा जीडीत तोंडच उघडत नाही. विषय त्याला आमच्यापेक्षा जास्त येत असतो, हे सगळ्यांना माहीत आहे.

प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये हे जास्त नडतं. 'द मोटर इज ट्रिपिंग' म्हणजे सध्याचा बिघाड. 'द मोटर ट्रिप्स ॲट फुल लोड' म्हणजे फुल लोड आला की हे दरवेळी होणारच. गाईड सरांनी काय समजायचं? तेव्हा वाक्य आधी मराठीत म्हणून बघा, 'होतंय' की 'होतं'?

रिपोर्ट तपासून हवा असेल त्यांनी रात्री जेवणानंतर आमच्या विंगमध्ये यावं. कुणाकडे शाळेचं मराठी व्याकरणाचं पुस्तक असेल तर तेही आणा, आम्हाला लागणार आहे.