वाढीचे वय आणि पाठीचा कणा

सणासाठी कपडे शिवायला दिले की माप घेताना शिंपी सहज म्हणून जातो, “मुलीचा एक खांदा जरा वर दिसतो.” घाटकोपर असो वा बोरिवली, घरात उत्तर ठरलेले असते : “दप्तर जड आहे, बसतेही वाकडी.” असेच वर्ष निघून जाते. पाठीच्या कण्याच्या वक्रतेत, म्हणजे स्कोलिओसिसमध्ये, तेच वर्ष मोलाचे असते.

शंभर किशोरवयीन मुलांपैकी सुमारे दोन-तीन जणांत १० अंशांहून अधिक वक्रता आढळते. बहुतेकांत तिचे नेमके कारण उमगलेले नाही. मात्र जड दप्तर किंवा बसण्याची ढब हे ते कारण नव्हे. त्यामुळे मुलीला बोल लावणे अन्यायाचे ठरते. उपचार करावे लागतील इतकी वक्रता मुलींमध्ये अधिक दिसते आणि उंची झपाट्याने वाढत असताना ती बळावते.

पहिली पाहणी घरीच होऊ शकते. मुलीने पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, हात सैल सोडून पुढे वाकावे. आईने मागून पाहावे. पाठीची एक बाजू उंच दिसल्यास अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. वाढ शिल्लक असताना वक्रता साधारण २५ ते ४० अंश असेल, तर मापाने बनवलेला ब्रेस उपयोगी पडतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातील अभ्यासात ब्रेस वापरणाऱ्या ७२ टक्के मुलांची वक्रता वाढ पूर्ण होईपर्यंत ५० अंशांच्या आत राहिली. ब्रेसविना हे प्रमाण ४८ टक्के होते.

वक्रता ४५-५० अंशांपलीकडे गेल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो. अमेरिकेतील डॉ. पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओग्रस्त मुलांसाठी विकसित केलेली धातूच्या सळईची पद्धत १९६२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या सळईने कणा सरळ होई, पण कमरेचा नैसर्गिक बाकही अनेकदा सपाट होई. आता मणक्यांत स्क्रू बसवून त्यांना सळया जोडतात. प्रत्येक कण्याचा आराखडा संगणकावर आखून सळया आधीच त्या रुग्णाच्या मापाने वाकवून घेता येतात. तरीही मापाची सळई म्हणजे कुशल हातांना पर्याय नव्हे. जोडलेले मणके कायमचे एकसंध होतात व तेवढ्या भागाची लवचीकता जाते. मज्जारज्जूला इजा होण्याचा धोका अल्प, पण गंभीर असतो. म्हणून शस्त्रक्रिया चालू असताना मज्जातंतूंवर यंत्राने लक्ष ठेवण्याची सोय आहे का, किती मणके जोडले जातील, खास सळईचा वाढीव खर्च कशासाठी, हे पालकांनी आधी विचारावे.

लग्नाच्या चिंतेने अनेक घरांत ही वक्रता ओढणीआड झाकली जाते. वस्तुतः ब्रेस वापरलेल्या किंवा शस्त्रक्रिया झालेल्या बहुसंख्य मुली पुढे शिक्षण, व्यवसाय, मातृत्व सारे निभावतात. झाकलेली वक्रता मात्र वाढायची थांबत नाही. शिंप्याने सांगितलेली गोष्ट त्याच आठवड्यात डॉक्टरांच्या कानी घालावी.