सिलिका किती टक्के?

दगडाची परीक्षा कशी करायची हे सिव्हिलवाल्यांना सांगायला नको. क्रशिंग व्हॅल्यू, वॉटर अ‍ॅब्झॉर्प्शन, शिवाय कान बधिर करणारं ते लॉस एंजेलिस मशीन. आकडे आले, जर्नल चेक झालं, व्हायवा संपला! पण क्वार्ट्झवाल्या दगडाची ही परीक्षा अर्धीच आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्या वर्ध्याकडे हे लवकर लक्षात येत नाही, कारण आपली गिट्टी काळ्या दगडाची. बेसॉल्टच्या रासायनिक तपासणीत सिलिका ५० टक्क्यांच्या आसपास निघते खरी, पण ती जवळजवळ सगळी फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन या खनिजांत बांधलेली असते. मोकळा क्वार्ट्झ नावापुरता, तोही बहुधा लाव्ह्यातल्या पोकळ्यांत, झिओलाइटच्या शेजारी. गिरडच्या टेकडीवरचे गोटे झिओलाइटचेच. शेख फरीदबाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा नारळासकट सगळा माल दगड झाला, अशी त्यांची गोष्ट सांगतात. (मला गोष्ट जास्त आवडते.) सांगायचा मुद्दा, ‘सिलिका ५० टक्के’ म्हणजे ‘क्वार्ट्झ ५० टक्के’ नव्हे. रिपोर्टमध्ये मात्र बहुतेक वेळा पहिलाच आकडा असतो.

क्वार्ट्झचा खरा कारभार पाहायचा तर सिंधुदुर्गात, कणकवली तालुक्यातल्या कासार्ड्याला. तिथे सिलिका वाळू निघते. अशा मालाला गिऱ्हाईक काय विचारतं? सिलिका किती, लोह किती (लोह वाढलं की काच हिरवट होते), दाणा केवढा. शोभेचा दगड असेल तर रंग, चिरा, पॉलिश. सगळे प्रश्न विकत घेणाऱ्याच्या सोयीचे. कापताना, दळताना किती बारीक धूळ उडेल, हे कुणी विचारत नाही. आणि डोळ्यांना न दिसणारी तीच धूळ फुफ्फुसात खोल जाऊन बसते. सिलिकोसिसला औषध नाही. काम सोडलं तरी तो वाढत राहू शकतो. गुजरातेत खंभातला अकीक घासणाऱ्यांच्या घरोघरी हेच झालं. अकीक म्हणजे क्वार्ट्झचाच भाऊ.

आता शहरात नवी फॅशन आली आहे क्वार्ट्झच्या ओट्यांची. हा दगड खाणीतला नाही. साधारण ९० टक्के क्वार्ट्झचा चुरा रेझिनमध्ये दाबून केलेला. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदी घातली. आपल्याकडे कारागीर तोंडाला रुमाल बांधून कोरड्या ग्राइंडरने दगड कापताना दिसतो. रुमालाने काय अडणार?

‘पाणी मारलं की झालं,’ असं मित्र म्हणतात. पाण्याने धूळ पुष्कळ कमी होते, नाही असं नाही. पण किती कमी, हे मोजल्याशिवाय कसं कळणार? क्वार्ट्झ वापरूच नका, असं मी म्हणत नाही. काच, फाउंड्री, कॉम्प्युटरची चिप, सगळं त्यावरच चालतं. पण दगडाच्या रिपोर्टमध्ये दोन रकाने वाढवा: एक्स-रे डिफ्रॅक्शनने काढलेला मोकळा क्वार्ट्झ आणि कापताना उडणारी बारीक धूळ, कोरडी व ओली.

सावंगीत तर इंजिनिअरिंग कॉलेज आणि आचार्य विनोबा भावे रुग्णालय एकाच गावात. फायनल इयरच्या प्रोजेक्टला एक पंप, फिल्टर पेपर, नाजूक तराजू आणि छातीच्या डॉक्टरांचा थोडा वेळ मिळाला तरी सुरुवात होते. मार्बल, ग्रॅनाइट आणि क्वार्ट्झच्या ओट्याचे तुकडे दुकानदाराकडे मागितले तर मिळतात; मी विचारून ठेवलं आहे.