काच फोडा, किल्लीवाल्याची वाट पाहू नका!

"डॉक्टर, गाडी नवी होती हो. काच फोडायला हात धजावेना."

एप्रिलमधल्या एका दुपारी सव्वा वर्षाच्या नातवाला दवाखान्यात घेऊन आलेले आजोबा मला सांगत होते. बाळाच्या हातात खेळायला किल्ली दिलेली, दार लावले आणि त्याने बटण दाबले. मग पंचवीस मिनिटे चार मोठी माणसे किल्लीवाल्याची वाट पाहत उभी! बाळ वाचले, पण नशिबाने. आपल्या शहाणपणाने नव्हे.

उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत पहिल्या 10 मिनिटांतच तापमान सुमारे 10 अंशांनी वाढते. बाहेर 40 असेल तर आत 50! काच बोटभर खाली असली तरी फारसा फरक पडत नाही. लहान मुलाचे शरीर मोठ्यांच्या तीन ते पाच पट वेगाने तापते. शरीराचे तापमान 40 अंशांच्या वर गेले की उष्माघात होऊन मेंदूला इजा होऊ शकते.

आणि आपण काय करतो? व्हॉट्सॲपवरचे उपाय शोधतो. घरच्या रिमोटचा आवाज मोबाइलवरून ऐकवला की म्हणे कुलूप उघडते. अहो, रिमोट रेडिओलहरींवर चालतो, मोबाइल फक्त आवाज पोचवतो. कुलूप उघडणार कसे? टेनिसच्या चेंडूची युक्तीही तितकीच खोटी. काचेच्या फटीतून पट्टी घालणे जुन्या गाड्यांत चालायचे, आजच्या बहुतेक गाड्यांत नाही.

गाडी रिकामी असेल तर खुशाल थांबा. दुसरी किल्ली दोन मिनिटांत येणार असेल तर आणा. एरवी एकाने 112 ला फोन करावा आणि दुसऱ्याने त्याच वेळी काच फोडावी.

बाळापासून सर्वांत लांबची बाजूची खिडकी निवडा. समोरची काच नको, ती तडकते पण सहसा निखळत नाही. हाताला जाड कापड गुंडाळा, तोंड बाजूला करा आणि हातोडीने किंवा टोकदार दगडाने काचेच्या मध्यावर नव्हे, कोपऱ्यावर मारा. "तुकडे बाळाला लागतील," ही भीती रास्त आहे. पण बाजूची काच बहुधा बारीक, बोथट तुकड्यांत फुटते. खरचटलेले मी बरे करू शकतो.

बाळ बाहेर आले की सावलीत न्या, कपडे काढा, अंग साध्या पाण्याने ओले करून वारा घाला. बाळ सुस्त असेल, झटके येत असतील किंवा शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. 108 ला फोन करा, पण अंग ओले करणे थांबवू नका. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. बाळ हसू-खेळू लागले तरी डॉक्टरांना दाखवाच.

लोक काय म्हणतील, खर्च किती येईल, हा विचार नंतर करा. काच दुसरी बसवता येते.