तपासणी झाली, पुढे काय?

टिळकवाडीत राहणाऱ्याला 'व्हॅक्सीन डेपो' हे नाव नवे नाही. फिरायला, खेळायला, प्रदर्शन पाहायला आपण त्या मैदानावर जातो. पण तेथे एकेकाळी देवीची लस तयार होत असे, हे कितीजणांच्या ध्यानात असते? देवीचा भारतातील शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला आणि १९८० मध्ये तो रोग जगातूनच नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. त्या कामाला हातभार लावणाऱ्या गावात शाळकरी मुलांच्या साथींबद्दल आपण उदासीन असावे, याचे मला वाईट वाटते.

मी सहावीत असताना आमच्या शाळेत आरोग्य तपासणी झाली. रांगेत उभे राहून आम्ही जीभ दाखवली, नखे दाखवली, वजन दिले. कार्डे भरली गेली व कपाटात गेली. पुढच्याच महिन्यात माझ्या बाकावरचा मित्र गाल सुजलेला असताना वर्गात आला. का? तर पूर्ण हजेरीचे बक्षीस हुकू नये म्हणून! अडीच आठवड्यांनी माझाही गाल सुजला आणि मग एकेक बाक रिकामा होत गेला. दोष मित्राचा नव्हता. आजारी मुलाला शाळेत ओढून आणणाऱ्या त्या बक्षिसाचा होता.

वार्षिक तपासणी निरुपयोगी आहे, असे मी म्हणत नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत जातात. हृदयातील दोष, अधू दृष्टी, रक्तक्षय, किडलेले दात अशा तपासणीत सापडतात, कारण ते वर्षभर अंगात मुक्काम करून असतात. गोवर किंवा कांजिण्या मात्र पथकाची तारीख पाहून येत नाहीत. उरलेल्या दिवसांचा पहारेकरी वर्गशिक्षकच होय. हजेरी घेताना मुलाच्या चेहऱ्याकडे, डोळ्यांकडे, कातडीकडे नजर टाकायला कितीसा वेळ लागतो? पुरळ उठल्यापासून चार दिवस गोवराच्या मुलाने, सूज आल्यापासून पाच दिवस गालगुंडाच्या मुलाने आणि खपल्या धरेपर्यंत कांजिण्यांच्या मुलाने घरी राहावे, एवढे शिक्षकाला माहीत असले की पुरे.

कोणी म्हणेल, रोजाने कामाला जाणाऱ्या आईने काय करावे? आणि मुलाचे दुपारचे जेवण? प्रश्न खरा आहे. पण कोविडच्या काळात शिधा घरी पोहोचवता आला, तर चार दिवसांचा का पोहोचवू नये? त्या दिवसांची गैरहजेरी तर मुळीच धरू नये.

आपल्या सीमाभागात आणखी एक अडचण आहे. गोवर-रुबेला लसीची मोहीम कर्नाटकात फेब्रुवारी २०१७ मध्ये, तर महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. निपाणी आणि कागलची मुले मात्र एकाच जत्रेत, एकाच लग्नमांडवात खेळतात. रोगाला सीमाप्रश्न ठाऊक नाही! साथ दिसताच दोन्हीकडच्या शाळांनी एकमेकींना कळवले, तर कोणाचे काय बिघडेल?

आपल्यापैकी कित्येकजण उद्या शिक्षक होतील. हजेरीपटावर 'गैरहजर' लिहिण्यापूर्वी त्यांनी 'का?' एवढे जरूर विचारावे.