मूल कुणाचं, आईचं की बापाचं?

आमच्या गावाच्या परसातच उजनीचं पाणी आहे म्हटलं तरी चालेल. अलीकडचा काठ सोलापूर जिल्ह्यात, करमाळा-माढ्याकडे. पलीकडचा पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात. १९८० साली धरण पूर्ण झालं, भीमाकाठची जुनी गावं पाण्याखाली गेली, पण सोयरिकी काही बुडाल्या नाहीत. आजही इकडची लेक तिकडे नांदते आणि तिकडची सून इकडे येते. संसार सुखाचा असेल तोवर हे पाणी आड येत नाही. बिनसलं की मात्र नवरा एका जिल्ह्यात, बायको दुसऱ्या, आणि पोर मधल्या पाण्यात!

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. मी इथल्या शाळेत अर्धवेळ शिकवते. दुसरीतल्या एका मुलाचे वडील मधल्या सुट्टीत आले. म्हणाले, "बाई, आजी आजारी आहे, नेतो याला." रजिस्टरात नाव त्यांचंच. मी दप्तर भरून दिलं, उरलेला डबासुद्धा आठवणीनं हातात दिला. शाळा सुटल्यावर आई दारात उभी. "बाई, माझं पोर कुठंय?"

तो प्रश्न अजून माझ्या कानात आहे. भांडणाला कंटाळून ती दोन्ही मुलांसह वर्षभर माहेरी राहत होती. लाजेपायी तिनं शाळेत कुणाला सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

तिचे भाऊ निघाले होते पोराला उचलून आणायला. कसंबसं त्यांना थांबवलं. पोलिसांनी सांगितलं, बापानंच नेलंय, कोर्टाचा हुकूम नाही, तुम्ही कोर्टात जा. ती माझ्याजवळ बसून रडत म्हणाली, "पाच वर्षं झाली की मूल बापाचंच होतं ना हो बाई?"

आपल्यापैकी कितीजणी हेच धरून चालतात! म्हणून मी नीट विचारून घेतलं, आणि तेच आज तुम्हांला सांगते.

१९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात कलम ६ आहे. त्यात मुलाचा नैसर्गिक पालक आधी बाप आणि त्यानंतर आई, असं लिहिलं आहे. पण त्याच कलमात हेही आहे की पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईजवळ राहावं. याचा अर्थ सहावं लागलं की पोर आपोआप बापाकडे गेलं, असा मुळीच नाही. कलम १३ सांगतं की सगळ्यांत आधी मुलाचं हित. वय पाच असो की पंधरा, न्यायाधीश पाहतात ते हेच.

आणि ते "बापानंतर आई" सुद्धा जसंच्या तसं राहिलेलं नाही. आपल्या महाराष्ट्रातलाच जिजाबाईंचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. आईबाप वीस वर्षांहून अधिक काळ वेगळे राहत होते. बापाचं लेकीकडे लक्ष नव्हतं. लेकीची जमीन आईच सांभाळत होती, खंडानं देत होती. १९७० साली न्यायालयानं म्हटलं की अशा वेळी बाप जिवंत असला तरी आईच नैसर्गिक पालक. पुढे लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेताना आईची सही चालेना, म्हणून दाद मागितली. १९९९ च्या त्या निकालात "नंतर" याचा अर्थ "बाप मेल्यावर" एवढाच नव्हे, तर "बाप लक्ष देत नसताना" असाही लावला गेला.

आता दुसरा प्रश्न, कोर्ट कुठलं? सासरची माणसं सांगत होती, "मूल आमच्याकडे आहे, तेव्हा आमच्याच जिल्ह्यात या." १८९० चा पालक व पाल्य कायदा सर्व धर्मांना लागू आहे. त्याचं कलम ९ म्हणतं, मूल जिथे नेहमी राहतं तिथल्या कोर्टात अर्ज करावा. चार दिवसांपूर्वी उचलून नेलं म्हणून ते त्याचं नेहमीचं घर होत नाही. पण हे बोलून भागत नाही, कागद लागतो. शाळेचा दाखला, हजेरी, लसीकरणाचं कार्ड, धाकटीची अंगणवाडीतली नोंद, हे सगळं आम्ही गोळा केलं. यात महिने घालवू नका हं. मूल नव्या जागी जितकं रुळेल, तितका समोरच्याचा मुद्दा बळकट होतो.

"पण बाई, वकिलाला पैसे कुठून आणू?" १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा, किंवा १५१०० वर फोन करायचा. घरात मारहाण, छळ होत असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली मॅजिस्ट्रेटकडेच मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो. तोही अर्ज आपण राहतो तिथे, माहेरीसुद्धा, करता येतो.

कमाई नाही म्हणून मूल जाईल, ही भीतीही मनातून काढा. मुलाला वाढवण्याचा खर्च मागायला वेगळी तरतूद आहे. पूर्वी ती कलम १२५ म्हणून सर्वांना ठाऊक होती. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम १४४ आहे.

पण मैत्रिणींनो, एक गोष्ट आपल्यालाही ऐकायला हवी. ताबा आईला मिळाला म्हणून बापाचं नातं तुटत नाही. कोर्ट भेटीचे दिवस ठरवून देतं. ते मोडणं, मुलाच्या मनात बापाविषयी विष कालवणं, हे कोर्टाला आवडत नाही. आणि ताब्याचा हुकूम काही दगडावरची रेघ नव्हे. परिस्थिती बदलली की तो बदलून मागता येतो. आईला, तसाच बापालाही.

आमच्या या बाईचा अर्ज इकडच्याच कोर्टात चालला. समजत्या मुलाचं मत न्यायाधीश विचारात घेऊ शकतात, त्यासाठी वयाची ठरीव रेघ नाही. साहेबांनी पोराला आत बोलावून विचारलं, कुणाकडे राहायचं? तो म्हणाला, "दोघांकडं." आईनं हे मला सांगितलं तेव्हा आम्ही दोघीही गप्प होतो.

चार महिन्यांनी तात्पुरता हुकूम झाला. मूल आईजवळ, महिन्यातले दोन रविवार आणि निम्मी सुट्टी बापाकडे. खटला अजून चालू आहे. पोर पुन्हा माझ्या शाळेत येतं. पहिले काही आठवडे मधल्या सुट्टीत तो दप्तर पाठीवरून काढत नसे, आणि दारात कुणी आलं की आधी माझ्या तोंडाकडे बघे.

म्हणून आता जूनमध्ये मुलांच्या आयांना मी एकच सांगते. घरात काही बिनसलं असेल तर बाईंच्या कानावर घाला, आणि हुकूम झाला असेल तर त्याची नक्कल शाळेत द्या. हुकूम नसताना आईबापांत न्याय करणं आमच्या हाती नाही. पण एक फोन करणं नक्कीच आहे. त्या दिवशी मी तेवढंही केलं नव्हतं.