दोन टेकड्यांमधलं अंतर

सॅन फ्रान्सिस्कोच्या पश्चिमेला गोल्डन गेट हाइट्स नावाची वस्ती आहे. घरांच्या रांगांमध्ये तिथे काही उघड्या टेकड्या उरल्यात आणि त्यांच्यावर ग्रीन हेअरस्ट्रीक हे नाण्याएवढं हिरवं फुलपाखरू कसंबसं तग धरून आहे. ते फार लांब उडत नाही. मधे डांबर आणि गॅरेजं आली की या टेकडीवरचं त्या टेकडीवर पोचत नाही. म्हणून 'नेचर इन द सिटी' ही संस्था शेजाऱ्यापाजाऱ्यांना घेऊन मधल्या उतारांवर, पायऱ्यांच्या कडेला कोस्ट बकव्हीट आणि डियरवीड लावते. त्याच्या अळ्या याच झाडांवर वाढतात. नावं ऐकून तण वाटेल. खरं सांगायचं तर दिसतातही तशीच.

या शहराने एक फुलपाखरू आधीच घालवलंय. वाळूच्या टेकड्यांवर घरं उठली आणि १९४०च्या दशकात झर्सीस ब्लू कायमचं संपलं. त्याची जागा भरायला २०२४ मध्ये प्रेसिडिओत त्याचं जवळचं भावंड, सिल्व्हरी ब्लू, बाहेरून आणून सोडलं.

आपल्या मंडळांत पर्यावरण म्हटलं की शाडूचा गणपती, आणि फार तर कुणाच्या तरी परसात मधमाश्यांची पेटी. शाडू उत्तमच. पण पेटीतली माशी इथली नाही, ती सतराव्या शतकात युरोपियनांबरोबर आली. अमेरिकेत मूळच्या मधमाश्यांच्या सुमारे ४,००० जाती आहेत. बहुतेक एकेकट्या राहतात, पुष्कळ जमिनीत बीळ करतात. त्यांना पेटीचा उपयोग नाही. त्यांना इथली फुलं हवीत आणि थोडी न झाकलेली माती.

नुसती फुलंही पुरत नाहीत. फुलपाखरू मध कुठलाही पितं, अळीला मात्र ठरलेलंच पान लागतं. गावाकडे कढीपत्त्यावर अळी दिसली की आई काढून फेकते, ती बहुतेक वेळा कॉमन मॉरमॉनची असते. 'पानं कुरतडली' ही तक्रार इथे चांगली बातमी आहे.

'भाड्याचं घर, व्हिसाचं खरं नाही, झाडं कुठे लावता?' हे नेहमी ऐकू येतं. मला ते पटत नाही. ग्रीन कार्डच्या रांगेत आपण दहा-पंधरा वर्षं याच गावात काढतो, मुलं इथेच वाढवतो. आणि सार्वजनिक उतारावर शनिवारी सकाळी कुदळ घेऊन जायला कुणी व्हिसा विचारत नाही.

बे एरियात पाऊस नोव्हेंबरच्या आसपास धरतो, लावणीचा हंगामही तोच. मंडळाने दिवाळीचा कार्यक्रम आटोपला की एक शनिवार अशा एखाद्या गटाला द्यावा. रोपं स्थानिक झाडांच्या नर्सरीतूनच घ्यावीत, कीटकनाशक मारलेली नाहीत ना ते विचारून. आणि पहिल्या उन्हाळ्यात पाणी कोण घालणार, त्यांची नावं लावणीच्या दिवशीच लिहून घ्यावीत. जूनमध्ये अर्धं मंडळ भारतात असतं.