नाव धरून ऐका, जॅझ आपलंसं होईल

खर्ड्याचा किल्ला पाहायला पाहुणे आले की आपण १७९५ ची लढाई एकट्याच्या नावावर सांगत नाही. नाना फडणीसांचं नाव निघालं की मागोमाग परशुरामभाऊ पटवर्धन येतात, मग शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले. एक नाव दुसऱ्याला हाक मारतं. जॅझ ऐकायला लागायचं असेल तर हीच रीत धरा, असं माझं गावातल्या पोरापोरींना, भजनी मंडळातल्या वादकांना आणि गाण्याची ओढ असणाऱ्या प्रत्येकाला मनापासून सांगणं आहे.

‘ते शहरातल्या लोकांचं, आपल्याला काय कळणार,’ असं म्हणू नका. वाट आपल्याच जिल्ह्यातून निघते. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र चितळकर, १९१८ साली गोदाकाठच्या पुणतांब्यात जन्मले. त्यांच्या संगीताचा ‘अलबेला’ १९५१ साली आला आणि लोकांनी डोक्यावर घेतला. त्यांच्या गाण्यांत ट्रम्पेट वाजवणारा आणि ‘अलबेला’त बँडसह पडद्यावरही दिसणारा माणूस म्हणजे चिक चॉकलेट, गोव्यातल्या हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्याचा बँड वाजायचा. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवत, म्हणून हॉटेलांना आणि सिनेमाच्या स्टुडिओंना गोव्याचे वादक हवे असत. चिकचा आदर्श होता लुई आर्मस्ट्राँग. म्हणजे पुणतांब्याहून निघालेली वाट तिसऱ्या नावाला अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सला पोचते. आर्मस्ट्राँगचं १९२८ चं ‘वेस्ट एंड ब्लूज’ लावा. सुरुवातीला ट्रम्पेट एकटंच बोलतं, साथीला कोणी नाही. तेवढं कान देऊन ऐका.

फोनवर नुसता ‘जॅझ’ एवढा शब्द टाकून शोधू नका. हॉटेलात जेवताना मागे वाजावं तसं गुळमुळीत काहीतरी तासन्‌तास वाजत राहतं आणि जॅझ म्हणजे हेच, असा समज होतो. त्यापेक्षा माइल्स डेव्हिसचा १९५९ चा ‘काइंड ऑफ ब्लू’ घ्या. पाच रचना, पाऊण तास. हेडफोन मात्र लावाच. फोनच्या स्पीकरमधून डबल बेसचा खर्ज नीट येत नाही, आणि ‘सो व्हॉट’ या पहिल्या रचनेची धून बेसच वाजवतो. बेस एक ओळ टाकतो, बाकीचे दोन ठोक्यांत उत्तर देतात. गोंधळात मुख्य गोंधळी ओळ टाकतो आणि झीलकरी ती उचलतात, तसंच. दीड मिनिटाच्या सुमारास ड्रमवरची झांज खणकन वाजते, आणि तिची आस विरते न विरते तोच माइल्सचं ट्रम्पेट सुरू होतं. मग एकेक वादक आपलं म्हणणं मांडतो आणि शेवटी सगळे धुनेवर परततात. मुखडा, विस्तार, पुन्हा मुखडा. हा आराखडा आपल्या कानांना परका नाही.

ही एकच रचना चार दिवस ऐका. पहिल्या दिवशी नुसता बेस धरा, दुसऱ्या दिवशी ड्रम, तिसऱ्या दिवशी पियानो, चौथ्या दिवशी सगळं मिळून. चाळीस गाणी नुसती चाळण्यापेक्षा एक गाणं चारदा ऐकलेलं अंगी लागतं. पहिल्याच दिवशी गोडी लागली नाही म्हणून सोडून देऊ नका.

त्यानंतर वादकांची नावं वाचा, कारण प्रत्येक नाव म्हणजे एक दार आहे. सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन आहे, त्याच्या मागे जाल तर ‘अ लव्ह सुप्रीम’ मिळेल. या कोल्ट्रेननं पंडित रविशंकरांवरून आपल्या मुलाचं नाव रवी ठेवलं होतं. पियानोवर बिल एव्हान्स आहे, त्याचं ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ १९६१ साली न्यूयॉर्कच्या एका क्लबात ध्वनिमुद्रित झालं. त्यात श्रोत्यांच्या पेल्यांची किणकिणसुद्धा ऐकू येते. तबला-पखवाज वाजवणाऱ्यांनी डेव्ह ब्रुबेकच्या चमूचं ‘टेक फाइव्ह’ जरूर ऐकावं. पाच मात्रांचं आवर्तन, तीन आणि दोन. आपल्या झपतालात दोन-तीन असतं, इथं ते उलटं आहे. हातावर टाळी देत मोजा, दोन-चार आवर्तनांत सम सापडेल.

नावांचा एवढा आग्रह का, तेही सांगतो. आपल्या जुन्या चित्रपटांच्या नामावलीत कितीतरी वादकांची नावं लिहिलीच गेली नाहीत. त्यांचे सूर घरोघरी पोचले, माणसं मात्र अनोळखी राहिली. म्हणून या रविवारी एक काम करा. घरात ‘अलबेला’ पाहिलेली आजी किंवा आजोबा असतील तर त्यांच्याजवळ बसून त्यातली गाणी लावा. ट्रम्पेट वाजू लागलं की त्यांना सांगा, आजी, हा हळदोण्याचा आंतोनियो वाझ बरं का. मग तिथूनच पुढचं नाव धरा.